पाटी पलटा, भोईर सर

भोईर सर मधल्या सुट्टीत डबा टेबलावर ठेवायचे, झाकणावर डावा तळहात दाबून धरायचे आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत विचारायचे, "बोला, कुणाचं चुकलं?" आमच्यातल्या कुणाचं काही चुकलेलं नसायचं. ही फक्त सुरुवात असायची. मग सकाळपासून डोक्यात घोळवलेला प्रश्न ते मांडायचे, आणि निदान दोन माणसं हमरीतुमरीवर आल्याशिवाय झाकणावरचा हात काढायचे नाहीत. आत तांदळाची भाकरी आणि सुकट असायची. झाकण निघालं की सुकटीचा वास आणि भांडण दोन्ही एकदमच खोलीभर पसरायचं.

भिवंडीतल्या आमच्या मराठी शाळेच्या तिन्ही बाजूंना लूमचे कारखाने होते. खटखट, खटखट, दिवसभर. त्यामुळे आम्ही सगळेच मास्तर-मास्तरणी घसा ताणून बोलायचो आणि घरी गेल्यावर घरचे विचारायचे, ओरडताय कशाला? लाइट गेली की लूम एका क्षणात गप्प व्हायचे. एकदा अशीच लाइट गेली आणि त्या शांततेत भोईर सरांचं वाक्य थेट मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोचलं : "पण बायकोला मारणारा डॉक्टर चांगला डॉक्टर असू शकतो की न्हाय?" मुख्याध्यापक दारात आले, सगळ्यांकडे बघितलं आणि परत गेले. त्यांच्या मुलीला एका डॉक्टरची सोयरीक आलेली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. वडप्याच्या पुढचं एक खेडं हे त्यांचं गाव. रोज तिथून जुन्या स्कूटरवर यायचे. अंगानं काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॉलर मळू नये म्हणून मानेशी घडी घातलेला रुमाल. वर्गात शुद्ध बोलायचे, पण वादात रंगले की गावची बोली वर यायची. "न्हाय" आलं की समजायचं, सर आता मनापासून बोलताहेत.

शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला एक दगडी पाटी टांगलेली असायची. कोण रजेवर आहे आणि त्याचा तास कुणाकडे, ते तिच्यावर खडूनं लिहायचे. वाद ऐन भरात आला की सर उठायचे, ती पाटी उलटी करायचे आणि म्हणायचे, "आता पाटी पलटा." म्हणजे इतका वेळ ज्या बाजूने तावातावाने बोललात, ती सोडायची आणि समोरच्याची बाजू घेऊन बोलायचं. हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनाही लागू. "दुसऱ्याच्या बाजूनं एकदा बोलून बघा, जीभ भाजत न्हाय," असं म्हणायचे. या भानगडीत माझे कितीतरी बदली तास बुडाले, कारण पाटीची कोरी बाजू समोर असायची.

एकदा त्यांनी विचारलं, "आकडा टाकून वीज चोरणारा लूमवाला, पण त्याच्या जिवावर वीस घरं जेवतात. तो चोर की पोशिंदा?" गणिताचे कदम सर उसळले. चोर तो चोर, त्यात काय विचारायचं? हिंदीच्या नसीमाबाई इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. त्या म्हणाल्या, "अरे सर, पहले खाना तो खाओ. चोर बी हाय आन् पोशिंदा बी हाय. माणूस एकच असतो का कदी?" अर्धा तास हे चाललं. शेवटी चहा घेऊन आलेला शिपाई गणपत दारातच उभा राहून म्हणाला, "सर, माझ्या घरात पन आकडाच हाय." भोईर सरांनी डब्यावरचा हात काढला, एक भाकरी त्याला दिली आणि म्हणाले, "बस गणपत. आम्ही नुसती वाचलेली माणसं. तुझं मत धरायला पायजे."

असे होते. हरले की जास्त खूश व्हायचे. मला ते आवडायचे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, ही बाई पहिल्यापासूनच यांच्यावर डूख धरून होती. तसं नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत मला विचार करायला लावणारा हा एकच माणूस भेटला, आणि म्हणूनच त्याच्यावरचा राग अजून जात नाही.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क, असा कायदा नुकताच झाला होता. नेमकी त्याच वेळी आमच्या भागातली भातशेती गोदामांखाली जायला लागली होती. ज्या बांधावर कुणी फिरकत नव्हतं तिथे पांढऱ्या गाड्या येऊन थांबू लागल्या. मग भावांना बहिणी आठवल्या. बहिणीला आणायला जीप जायची, घरात कोंबडं कापलं जायचं, अंगावर चांगली साडी पडायची आणि दुसऱ्या दिवशी तिला कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जायची. म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीने भावाला सोडला, असा कागद. सही करणारी ती गुणाची बहीण. न करणारीला माहेर बंद. हा नियम कुठल्याही कायद्यात लिहिलेला नव्हता आणि तोच सगळे पाळत होते.

त्या दिवशी सरांनी झाकणावर हात ठेवून हाच प्रश्न विचारला. बहिणीनं वाटा मागावा का? कदम सर म्हणाले, लग्नात खर्च केलेला असतो, दिवाळीला, गौरीला करतोच की, अजून काय हवं? नसीमाबाई हसल्या. "आमच्यात तर पहिल्यापास्नं मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला हाय. तरी भावाचं तोंड बगून सोडतात बाया. कायदा कुठलाबी आणा, भाऊ तोच असतो." सरांनी झाकणावरून हात काढला, पण डबा उघडला नाही.

"माझी हिराताई शाळेत गेलीच न्हाय," ते म्हणाले. "ती गवताचे भारे डोक्यावर घेऊन भिवंडीच्या बाजारात यायची. भारा इकला की माझं पुस्तक यायचं. मी बी.एड. झालो तो तिच्या मानेवर. आता कागदावर काय लिवू? जमीन माझी आन् मान तिची? भाऊ जन्मला म्हणून मालक आन् बहीण जन्मली म्हणून पाव्हणी, हा कुठला न्याय?"

मला त्यांना अडवून बघायचं होतं, कारण मला खरोखरच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "पाटी पलटा, सर."

ते उठले. खिळ्यापाशी गेले, पाटीला हात लावला आणि तसेच परत येऊन बसले. "ह्या पाटीला दुसरी बाजू न्हाय, शेलारबाई."

इतक्या वर्षांत त्यांनी आपला नियम मोडला तो एकदाच. हे त्यांना माहीत नव्हतं की येत्या रविवारी माझ्या माहेराहून, अंबाडीच्या अलीकडच्या गावाहून, मला जेवायला बोलावणं होतं. साडी घेऊन ठेवल्याचंही वहिनीनं फोनवर सांगून टाकलं होतं. माझ्या यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, तुझं तू बघ. मी बघत होते, पण मला काही सुचत नव्हतं. सरांच्या त्या एका वाक्यानं सुचलं.

रविवारी जेवणं झाल्यावर रमेशदादानं कागद पुढे केला. मी म्हटलं, मी सही करणार नाही. दादा आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याचा चेहरा बदलला. आई आतून आली, माझ्याजवळ खाली बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "कर ग बाय सही. तुला यायला जायला वाट राहू दे." मी तिला भोईर सरांचं भाषण ऐकवलं. अगदी शब्द न् शब्द. मालक काय, पाहुणी काय, न्याय काय. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी वर्गात शिकवतात तशी तिला शिकवत होते. साडी तिथेच ठेवून मी निघून आले.

दोन महिन्यांनी मी हरकतीचा अर्ज द्यायला तहसील कचेरीत गेले. शेजारीच दस्त नोंदवायचं ऑफिस आहे. त्याच्या बाकावर भोईर सर बसलेले दिसले. शेजारी कडक इस्त्रीच्या नव्या साडीतली, पाठीत वाकलेली एक बाई. सर आपल्या मानेवरचा तो रुमाल काढून तिच्या अंगठ्याची शाई पुसत होते. फार काळजीने पुसत होते, नखाच्या कडेची सुद्धा. पुसून झालं तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला पाहिलं.

मी त्यांना नमस्कारही केला नाही. ती हिराताई हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. नागरिकशास्त्राच्या मास्तरची बहीण, तिला आपलं नाव लिहिता येत नव्हतं, तिचा अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या आधी खोलीत जाऊन बसले. ते आले, डबा ठेवला, झाकणावर हात ठेवला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "बोला सर, कुणाचं चुकलं?" आणि काल काय पाहिलं ते सगळ्यांदेखत सांगितलं. मी ते दार लावून एकट्यात विचारू शकले असते. पण मला त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सरांनी झाकणावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "गोदामवाल्याला सगळ्यांच्या सह्या लागतात. घरात दोन मुलं हायत. बायको बोलली, तुमचं तत्त्व शाळेत ठेवून या." आणि मग हळूच, "तिनं मागितलं न्हाय, बाई."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारलं असतं तर मागितलं असतं. म्हणून न्हाय विचारलं."

इतकं खरं कुणी बोलायला नको. लबाड माणूस परवडला, त्याच्यावर आपण मुळात विसंबतच नाही. सर लबाड नव्हते. त्या दिवशी खोलीत जे बोलले त्यातला शब्द न् शब्द त्यांना पटलेला होता, आणि तरी ते गेले आणि अंगठा घेऊन आले. नसीमाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटल्या, "जाने दो बाई." मी जाऊ दिलं नाही. मी म्हटलं, "सर, मी तुमच्या भरवशावर माझं माहेर तोडून आले." तोवर त्यांना ते माहीत नव्हतं. डबा न उघडताच पिशवीत टाकून ते वर्गावर गेले.

त्यानंतर त्यांनी कधी प्रश्न विचारला नाही. डबा ठेवायचे, झाकण उघडायचे, जेवायचे. कदम सर पगारवाढीवर बोलायचे, नसीमाबाई स्वेटर विणायच्या. पाटीवर बदली तास नीट दिसू लागले. मी जिंकले होते आणि मधली सुट्टी मला खायला उठत होती. आम्ही दोघं वर्षभर एकमेकांशी कामाशिवाय बोललो नाही. माझा वाटा मला मिळाला, कारण वाद असलेली जमीन गोदामवाला घेईना. दादानं चार माणसांदेखत वाटणीचा कागद केला आणि जाताना सांगितलं, "आता या घराला तुझं नाव न्हाय." आई त्याच घरात होती. फोन केला तर वहिनी उचलायची आणि आई झोपली आहे म्हणायची. सकाळी दहालासुद्धा झोपलेली असायची.

एका सकाळी मी सातवीच्या वर्गावर होते. भोईर सर दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोचं माहेर माझ्या माहेरच्या गावातच होतं. तिकडून त्यांना फोन आला होता. "बाई, चला," ते म्हणाले. "तुमच्या आई गेल्या. पहाटेच गेल्यात. तुम्हाला कुणी कळवलं नसेल म्हणून मी आलो." मी खडू हातात घेऊनच त्यांच्या स्कूटरवर बसले. भिवंडीहून वाडा तालुक्याकडे जाणारा तो रस्ता खड्ड्यांनी भरलेला. सर एकही खड्डा न चुकवता जेवढी पळेल तेवढी स्कूटर पळवत होते. मी त्यांच्या पाठीमागे बसून मोठ्याने रडत होते.

अंगणात माणसं जमली होती. तिरडी बांधून झाली होती. दादा कुंपणाच्या फाटकाशी येऊन आडवा उभा राहिला. "वाटा घेतलास ना? जा, त्या वाट्यावर जाऊन रड."

भोईर सर पुढे झाले. वर्गात लागायचा तोच आवाज लावून म्हणाले, "रमेश, जमिनीचं हक्कसोड असतं. आईचं हक्कसोड नसतं. ती तिचीपन आई हाय. सोड तिला आत."

अंगणातली दोन-तीन म्हातारी माणसं हलली. एक जण म्हणाला, खरं हाय मास्तरचं. दादाही क्षणभर फाटकावरून बाजूला होतोय असं मला वाटलं. मग त्यानं सरांना नीट निरखून पाहिलं. गावांमध्ये अशा गोष्टी लपत नाहीत. "सर, तुमी तुमच्या बहिणीचा अंगठा घेतलात ना? तवा कुठं गेलं हे सगळं? तुमची बहीण घरात ठेवलीत आन् आमची बहीण बिघडवलीत. तुमी मला शिकवू नका."

ज्या माणसाला मी कुठल्याही बाजूने अर्धा अर्धा तास बोलताना ऐकलं होतं, त्याला त्या फाटकाशी एक वाक्य सुचलं नाही. म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. मी कुंपणाबाहेर उभी राहिले. तिरडी बाहेर आली तेव्हा खांदेकरी थांबले नाहीत. मला आईचा चेहरा दिसला नाही. दिसले ते पायांचे तळवे, भेगा पडलेले.

सरांनीच मला परत आणून सोडलं. माझ्या घराशी स्कूटर थांबवून सर म्हणाले, "मला तिथं बोलायला तोंड न्हवतं, बाई."

मी म्हटलं, "तोंड तर तुम्हाला फार होतं, सर. त्याचा उपयोग होईल अशी एक जागा होती, ती तुम्ही आधीच विकून आला होतात."

हे त्यांच्याशी बोललेलं माझं शेवटचं धड वाक्य. दीड-दोन वर्षांत ते गेले. शाळेतच, पेपर तपासताना छातीत कळ आली. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. मी अंत्यविधीला गेले नाही. दहाव्याला मात्र नसीमाबाई माझ्या घरी येऊन उभ्या राहिल्या. "चलो, मेलेल्याशी कसली जिद करते," म्हणाल्या, आणि मला रिक्षात घालून घेऊन गेल्या.

सरांचं घर नवं होतं, स्लॅबचं. समोर जिथे शेत असायचं तिथे गोदामाची लांबच लांब निळी भिंत. हिराताई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्याभोवती भाचे, सुना, चहा, पाणी. "आत्या, थोडं खाऊन घ्या," अशी सगळ्यांची धावपळ. माहेर असं असतं, हे मी विसरले होते. मी तिच्याजवळ बसले, शाळेतली बाई म्हणून सांगितलं. तिला मी आठवले. कचेरीत पाहिलेली. म्हणाली, "तो घरी आल्यावर लय रडला व्हता त्या दिवशी. तू पाहिलंस म्हणून."

मला वाटलं होतं की मी काही विचारणार नाही. पण विचारलंच. "ताई, त्यांनी तुम्हाला विचारलं असतं, वाटा हवा का, तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

तिनं पदर तोंडाशी नेला. "मी न्हायच बोलली असती," ती म्हणाली. "मना काय करायची व्हती जमीन? त्याची पोरं ती माझीच. पन बाय, त्यानं एकदा इचारायला पायजे व्हतं ग. सगल्या दुनियेला इचारत फिरायचा."

रिक्षात नसीमाबाई सरांच्या चांगल्या गोष्टी सांगत होत्या आणि मी ऐकत नव्हते. माझ्या माहेरच्या त्या जमिनीत, वडील गेल्यावर, माझ्या आईचाही वाटा होता. दादाचा आणि माझा होता तितकाच. माझ्यापुढे कागद यायच्या आदल्या आठवड्यात दादानं तिचा अंगठा घेऊन टाकला होता. त्याच कागदावर मी तो पाहिला होता, माझ्या सहीच्या मोकळ्या जागेच्या वर. त्या दुपारी ती माझा हात धरून बसली होती, आणि मी तिला न्याय म्हणजे काय ते समजावून सांगत होते. तुला काय हवंय, असं मी तिला विचारलं नाही.